चाळीस फुटांवरचा गेरू आणि न सापडणारा डोंगर

माढा तालुक्यातल्या एका शिक्षकांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. वर्गात त्यांनी सांगितलं की दख्खनचं पठार लाव्हाचं आहे, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मग सर, ज्वालामुखी कुठाय?" त्यांना उत्तर देता आलं नाही. त्याच आठवड्यात त्यांच्या भावाच्या विहिरीत चाळीस फुटांवर विटेच्या रंगाचा दोन फुटांचा पट्टा लागला. त्याखाली भोकाभोकांचा दगड आहे आणि भोकांत पांढरे चमकणारे खडे आहेत. पोकलेनवाला म्हणतो, ही जळकी माती, आता खाली पाणी नाही. आणि तिसरं, अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित खडक एकमेकांत बदलत राहतात ती खडकचक्राची आकृती दरवर्षी फळ्यावर काढतात, पण आपल्याकडं जिकडं बघावं तिकडं काळाच दगड, मग हे चक्र फिरतं तरी कुठं?

सर, आधी विहिरीचं बोलू. यारीचं भाडं रोज चढतंय, आणि ज्वालामुखी साडेसहा कोटी वर्षं थांबलाय, तो आणखी थोडा थांबेल.

काम बंद करू नका. पोकलेनवाल्याचं अर्धं खरं आहे. मी तीस वर्षं या जिल्ह्यात विहिरींच्या आणि बोअरच्या जागा बघतोय, दोरीला धरून शेकडो विहिरींत उतरलोय. तुम्ही सांगितलेला थरांचा क्रम करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत थोड्याफार फरकानं असाच भेटतो. तो वरून खाली वाचत गेलं की तुमचे तिन्ही प्रश्न एकाच विहिरीत सुटतात.

वरचे पाच-सात फूट काळी माती असेल. तिच्या तळाशी चुनखडीचे खडे. मग मुरूम. त्या मुरमात गोलसर धोंडे असतील, एखादा हातात घेऊन अंगठ्यानं दाबलात तर त्याचे पापुद्रे सुटतील. सोलापूरच्या माणसाला कांदा सांगायला नको, तसंच. आणि सगळे पापुद्रे काढले की मध्ये मुठीएवढा काळाकुट्ट, टणक गाभा उरतो. म्हणजे मुरूम ही वेगळी जात नाहीच, काळ्या फत्तराचीच सोललेली अवस्था आहे. पाणी सांधींतून शिरतं, दगडाचे कोपरे तिन्ही बाजूंनी कुजतात, म्हणून चौकोनी तुकडा गोल होत जातो.

मुरमाखाली तो फत्तर अखंड लागतो. सुरुंग लावल्याशिवाय हलत नाही, घण मारला की खणखणतो. त्यात उभ्या भेगा दिसतील. त्या भूकंपाच्या नाहीत. लाव्हा थिजून गार होताना आकसतो आणि आकसताना तडकतो, तळ्यातला गाळ वाळल्यावर तडकतो तसा. थर जाड असला आणि सावकाश, सारखा गार झाला तर त्या भेगांचे पाच-सहा बाजूंचे सुबक खांब बनतात. मुंबईला अंधेरीत गिल्बर्ट हिल आहे, ती असल्या खांबांचीच टेकडी. आपल्याकडं इतकी सुबक खांबं क्वचित, पण जात तीच.

आणि मग तुमचा पट्टा. आम्ही आणि विहीर खोदणारे दोघंही त्याला गेरू म्हणतो. तो आहे म्हणजे तिथं एकेकाळी जमीन होती. उघडी, पाऊस खाल्लेली, बहुधा झाडोरा असलेली. खालच्या लाव्हाचा माथा कित्येक वर्षं उन्हापावसात कुजला, काही ठिकाणी त्यावर ज्वालामुखीची राखही पडली, त्यातलं लोखंड गंजलं आणि माती तांबडी झाली. मग पुढचा लाव्हा आला आणि त्यानं तिला झाकलं. वरून आलेल्या लाव्हाचं तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सिअस, तांबं १०८५ ला वितळतं यावरून अंदाज करा. त्यानं माती भाजली हे खरंच, पण भाजणं वरच्या थोड्या जाडीपुरतं. रंग मुख्यतः गंजाचा आहे, जाळाचा नाही. म्हणून पोकलेनवाल्याला अर्धे गुण.

या पट्ट्याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. वरचा काळा थर एक लाव्हा, खालचा भोकाभोकांचा दुसरा लाव्हा, आणि या दोन फुटांत ज्वालामुखीची विश्रांती. काही पट्टे बोटभर जाड असतात, काही माणूसभर. दोन उद्रेकांमध्ये किती काळ गेला असेल हे त्यातून कळू शकतं, पण नुसत्या जाडीवरून वर्षं मोजायला जाऊ नका, हवामान आणि राख यांचाही त्यात हात असतो.

खालचा भोकाभोकांचा दगड म्हणजे मांजऱ्या. लाव्हात वायू विरघळलेला असतो. दाब कमी झाला की बुडबुडे वर येतात आणि वरची साय थिजली की तिथंच अडकतात. आंबोळीला जाळी पडते तशी दगडाला पडते. म्हणून मांजऱ्या बहुतेक वेळा लाव्हाच्या माथ्याकडं, आणि अखंड फत्तर मधल्या भागात. गेरूच्या लगेच खाली मांजऱ्या लागला याचा अर्थ तुम्ही वरचा मजला ओलांडून खालच्या मजल्याच्या गच्चीवर आलात.

त्या भोकांतले पांढरे खडे नंतर भरलेत. खडक थिजल्यावर त्यातून कोमट पाणी फिरत राहिलं, त्या पाण्यानं दगडातली सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य), चुना, ॲल्युमिनियम विरघळवलं आणि रिकाम्या भोकांत हळूहळू स्फटिक वाढवले. यातले बरेचसे झिओलाइट गटातले असतात, म्हणजे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट वगैरे, आणि त्यांच्या सोबतीला अपोफिलाइट, कॅल्साइट, गारगोटी. पुणे, नाशिक, जळगावकडच्या खाणींतले असले नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. वाघोलीचा निळा कॅव्हान्साइट तर संग्राहकांमध्ये गाजलेला. तुमच्या खड्यावर चाकूचा ओरखडा उठला नाही तर गारगोटी समजा. उठला, आणि प्रयोगशाळेतलं विरळ हायड्रोक्लोरिक आम्ल टाकल्यावर फसफसलं, तर कॅल्साइट. फसफसलं नाही आणि मोत्यासारखी चमक असली तर बहुधा झिओलाइट. हिरा नाही एवढं मात्र भावाला सांगा. एका शेतकऱ्यानं असले खडे रुमालात बांधून माझ्याकडं आणले होते आणि दार लावून घ्या म्हणाला होता.

पाण्याचं काय? गेरू चिकणमातीचा, तो पाणी सहसा जाऊ देत नाही. म्हणून वरच्या भेगांतून आलेलं पाणी गेरूवर थबकतं आणि डोंगर असेल तर तिथंच उतारावर झरा फुटतो. खालच्या मांजऱ्यातली भोकं एकमेकांना जोडलेली असतील, त्याला भेगा असतील, आणि तो कुठंतरी चढाकडं उघडा पडून पावसाचं पाणी पीत असेल, तर गेरूच्या झाकणाखाली चांगलं पाणी मिळतं. भोकं खड्यांनी गच्च भरलेली असतील तर कमी. म्हणून अजून आठ-दहा फूट जाऊ द्या. त्याखाली पुन्हा अखंड काळा फत्तर लागला की मात्र थांबा. तिथून पुढं पैसा जातो, पाणी येत नाही.

आता त्या मुलीकडं येऊ. ती ज्वालामुखी शोधतेय म्हणजे डोंगर शोधतेय. चित्रातला ज्वालामुखी नेहमी जपानच्या फुजीसारखा असतो, उंच, शंकूसारखा, टोकाला खड्डा. चूक तिची नाही. आपल्या पुस्तकांत चित्र काढायला तोच सोपा.

डोंगर होणार की नाही हे ठरवतो लाव्हाचा घट्टपणा, आणि घट्टपणा ठरवतात त्यातली सिलिका आणि तापमान. तुमच्याकडं उसाचं रान आहे, गुऱ्हाळ पाहिलं असेल. कढईतली काकवी गरम असताना ताटात ओतली तर काठापर्यंत पसरते. तीच आटवून घट्ट केली की ओतल्या जागी ढीग होतो. बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या फत्तराच्या, लाव्हात सिलिका साधारण ४५ ते ५२ टक्के आणि उष्णता भरपूर, म्हणून तो पहिल्या काकवीसारखा. रायोलाइट नावाच्या फिकट खडकाच्या लाव्हात सिलिका ७० टक्क्यांच्या आसपास आणि उष्णता कमी, म्हणून तो दुसऱ्यासारखा. वायूचंही तसंच. पातळ लाव्हातून बुडबुडे सुखानं सुटतात, घट्ट लाव्हात कोंडतात आणि मग झाकण उडतं.

हवाईचा मौना लोआ पातळ लाव्हाचा. तो इतका मंद उताराचा आहे की जमिनीवर पालथी ठेवलेली ढाल वाटावी, म्हणून त्याला ढाल ज्वालामुखी म्हणतात. उंची समुद्रसपाटीपासून ४,१६९ मीटर, आणि समुद्राच्या तळापासून मोजली तर ९ किलोमीटरच्या वर. इटलीचा व्हेसुव्हियस, फिलिपिन्सचा पिनाटुबो हे घट्ट लाव्हाचे, एक थर राखेचा, एक थर लाव्हाचा असे चढत गेलेले मिश्र शंकू. हे बराच काळ गप्प असतात आणि बोलले की गावं पुसतात. १८८३ मध्ये इंडोनेशियातला क्राकाटोआ फुटला तेव्हा ३६,००० हून जास्त माणसं गेली, त्यातली बहुतेक उसळलेल्या समुद्रामुळं.

तिसरी जात तुमच्या वर्गाला सगळ्यात आवडेल, कारण ती शेतात उगवली. २० फेब्रुवारी १९४३ रोजी मेक्सिकोत पारिकुतीन गावचा एक शेतकरी मक्याच्या रानात काम करत होता. जमिनीला भेग पडली, धूर आला, खडे उडायला लागले. एका वर्षात तिथं तीनशे मीटरच्या वर उंचीचा राखेचा आणि जळक्या खड्यांचा शंकू उभा राहिला. १९५२ मध्ये तो थांबला तेव्हा उंची ४२४ मीटर झाली होती. शेजारच्या एका मोठ्या गावाचं चर्च लाव्हात बुडालं, त्याचा मनोरा अजून वर दिसतो. जन्मापासून अंतापर्यंत माणसांनी डोळ्यांनी पाहिलेला असा ज्वालामुखी विरळा.

यातला एकही प्रकार सोलापूरचा नाही. आपला चौथा, भेगीय. याला डोंगर नसतोच. जमीन लांबच्या लांब उसवते आणि त्या शिवणीतून पातळ लाव्हा वाहत सुटतो. माणसाच्या आठवणीतलं याचं मोठं उदाहरण आइसलंडमधल्या लाकीचं. ८ जून १७८३ ला सुरू झालं, आठ महिने चाललं, भेगेची लांबी साधारण २७ किलोमीटर. लाव्हा सुमारे ६०० चौरस किलोमीटरवर पसरला आणि त्यातून निघालेल्या विषारी वायूंनी गवत नासलं, निम्म्याहून जास्त जनावरं मेली, मागोमाग दुष्काळात तिथली जवळपास एक पंचमांश माणसं गेली. आता हे मोजा. ६०० चौरस किलोमीटर म्हणजे आपला अर्धा तालुका. आपला जिल्हा अकरा तालुक्यांचा, १५,००० चौरस किलोमीटरच्या आतबाहेर, आणि तो सगळा लाव्हाखाली. दख्खनचा लाव्हा आज शिल्लक आहे तोच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर, झिजून गेला तो वेगळा. हे काम एका दिवसाचं नाही. एकामागून एक प्रवाह आले, मध्ये गेरू पडायला वेळ मिळाला, पुन्हा आले. बहुतेक लाव्हा ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास, दहा लाख वर्षांच्या आत-बाहेर ओतला गेला. तुमच्या विहिरीत त्यातले दोन दिसतायत.

मग शिवणी कुठं आहेत? नर्मदा-तापीच्या पट्ट्यात, नाशिक-पुण्याच्या बाजूला आणि कोकणच्या किनाऱ्याला. भेगेत शेवटचा लाव्हा थिजून बसला की त्याची उभी भिंत तयार होते, तिला डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबारकडं या भिंती रानातून मैलोन्‌मैल गेलेल्या दिसतात. वरचा मऊ दगड झिजला आणि त्या उभ्या राहिल्या. म्हणजे आपला लाव्हा प्रवासी आहे, पश्चिम-वायव्येकडून चालत आला. चालत म्हणजे पुराच्या लोंढ्यासारखा नव्हे. वर साय थिजायची, तिच्याखालून गरम लाव्हा पुढं सरकायचा, साय फुगायची, कडेनं फुटून पुढचं बोट बाहेर यायचं. वरच्या सायीनं उष्णता आत धरून ठेवली, गोधडीसारखी, म्हणून तो इतका लांब जाऊ शकला. आंध्रात राजमहेंद्रीजवळ बेसॉल्टचा एक तुकडा आहे, तो दख्खनच्याच लाव्हाचं सुमारे १,००० किलोमीटर आलेलं टोक असावं असं अभ्यासक मानतात.

सह्याद्रीचे कडे हा ज्वालामुखीचा डोंगर नाही, ती झिजलेल्या थप्पीची कड आहे. घाटात उभं राहून बघा, कड्यावर आडवे पट्टे पायऱ्यांसारखे दिसतात. स्वीडिश भाषेत पायरीला जो शब्द आहे त्यावरून या खडकाला ट्रॅप नाव पडलं. बार्शीकडचे बालाघाटाचे सपाट माथेही तसलेच. आणि लोणार! दर सहलीला कोणीतरी मुलांना सांगतंच की लोणार म्हणजे ज्वालामुखीचं तोंड. मी स्वतः शाळेत असताना तेच ऐकलं आणि बरीच वर्षं खरं मानलं. ते १.८ किलोमीटर रुंदीचं विवर बाहेरून येऊन आदळलेल्या उल्केचं आहे. तिथल्या बेसॉल्टमधलं खनिज धक्क्यानं काचेसारखं झालेलं सापडतं आणि तसला धक्का ज्वालामुखी देऊ शकत नाही. जिवंत ज्वालामुखी बघायचा तर भारतात एकच, अंदमानातलं बॅरन बेट. १७८७ च्या उद्रेकाची नोंद आहे, मग दीर्घ झोप, आणि १९९१ पासून पुन्हा अधूनमधून जागा होतो.

अग्निजन्य खडक शिकवताना मुलं ग्रॅनाइट आणि बेसॉल्टमध्ये गोंधळतात. त्यांना मी साखर दाखवतो. पाक अगदी सावकाश निवत ठेवला की खडीसाखर, दाणा डोळ्यांनी दिसतो. तो ग्रॅनाइट. जमिनीखाली खोलवर, लाखो वर्षं गार होत बसलेला. गुळाची ढेप लवकर थिजते, दाणा असतो पण बारीक. तो बेसॉल्ट. आणि चिक्कीचा पाक ताटावर ओतला की क्षणात काचेसारखा होतो, दाणा पडायला वेळच मिळत नाही. ती ज्वालामुखी काच, ऑब्सिडियन. उपमा अर्धीच आहे हेही सांगा, कारण ग्रॅनाइट आणि बेसॉल्टचा मालही वेगळा असतो. बेसॉल्टचाच माल खोलवर सावकाश गार झाला तर त्याला गॅब्रो म्हणतात, आणि उथळ भेगांत गार झाला तर डोलेराइट. फरशीच्या दुकानात काळा ग्रॅनाइट म्हणून जे विकतात ते पुष्कळदा यातलंच काहीतरी असतं. दुकानदाराशी वाद घालू नका, त्याच्या लेखी कठीण आणि पॉलिश होतो तो ग्रॅनाइट.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नात एक गैरसमज दडलेला आहे. सगळा काळाच दगड हे खरं नाही. घरातच बघा. पाटा-वरवंटा आणि जुन्या वाड्याचं जोतं काळ्या पाषाणाचं, अग्निजन्य. पायाखालची शहाबादी फरशी शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातली. ती चुनखडक, म्हणजे उथळ समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाची, आपल्या बेसॉल्टच्या कितीतरी आधीची. फरशीची कड बघा, थर दिसतात. देवघराचा संगमरवर राजस्थानातला, चुनखडकच, पण दाबून-तापवून रूपांतरित झालेला. आणि ओट्याचा काळा कडप्पा बघून मुलं हमखास बेसॉल्ट म्हणतात, तर तोही चुनखडकच. त्यावर लिंबाचा रस सांडला की पांढरट डाग पडतो, घरच्या बाईला हे आपल्या आधी माहीत असतं. पाट्यावर तसा डाग पडत नाही. हा प्रयोग वर्गात करा, दोन तुकडे आणि एक लिंबू, बाकी काही लागत नाही.

आणि जमिनीखाली? ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, सोलापुरात पहाटे आपण सगळे रस्त्यावर आलो होतो, तुम्हालाही आठवत असेल. त्यानंतर अभ्यासासाठी किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल भोक घेतलं. ३३८ मीटरपर्यंत बेसॉल्ट. त्याखाली ८ मीटर गाळाचा थर, म्हणजे लाव्हा यायच्या आधीची जमीन. आणि त्याखाली नाइस, खोल दाबाखाली रूपांतरित झालेला, अब्जावधी वर्षांचा जुना पाया. अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित, तिन्ही एकाखाली एक. फळ्यावरची आकृती एका भोकात. पश्चिमेला गेलं की वरचा मजला जाड होत जातो. कोयनेच्या बाजूला घेतलेल्या भोकांत बेसॉल्ट ९०० मीटरच्या पुढं गेला.

मात्र त्या आकृतीबद्दल माझी एक तक्रार आहे. ती गोल काढतात आणि मुलांना वाटतं की प्रत्येक खडकाला नंबर लावून सगळे थांबे घ्यावेच लागतात. तसं नाही. बेसॉल्ट गाळ न होताच दाबला जाऊन रूपांतरित होऊ शकतो, गाळाचा खडक पुन्हा झिजून गाळच होऊ शकतो, आणि किल्लारीखालचा नाइस अब्जावधी वर्षं जागेवर बसून आहे, त्याला चक्राची काही घाई नाही. बाण सगळीकडून सगळीकडं काढा. स्कॉटलंडच्या जेम्स हटननं १७८८ च्या सुमारास हे मांडलं तेव्हा लोकांना पचलं नाही ते याच कारणानं, त्याला काळ फार लागत होता.

आपल्या रानात त्यातला एक बाण रोज चालू आहे. बेसॉल्टमधली फेल्डस्पार आणि ऑजाइट ही खनिजं कुजून स्मेक्टाइट नावाची माती होते. ती पाणी पिऊन फुगते, वाळली की आक्रसते, म्हणून उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हीच माती पावसाळ्याचा ओलावा धरून ठेवते आणि त्यावर मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी एका थेंबाविना उभी राहते. दगडातून सुटलेला चुना पाण्याबरोबर खाली उतरतो आणि मातीच्या तळाशी पुन्हा घट्ट होऊन चुनखडीचे खडे बनतो. म्हणजे तुमच्या विहिरीत पाच-सात फुटांवर एक नवा गाळखडक तयार होतोय, शेतकरी ज्याला शिव्या देतो तोच. उरलेली माती सीना-भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जाते, आता मध्ये धरणांत बरीच अडकते तो भाग वेगळा. समुद्रात ती थरावर थर साचतेय. तिथं पुढं खडक होईल.

शेवटी पुन्हा विहीर, कारण गेरूचं एक दुखणं सांगायचं राहिलं. ही माती ओली झाली की फुगते आणि ढासळते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत सांगोल्याकडं मी एका बोअरची जागा दिली होती. १६० फुटांवर गेरू लागला, पाणीही लागलं. मी केसिंग, म्हणजे भोकाच्या कडा धरून ठेवणारा पाइप, तिथपर्यंत उतरवा असं ठामपणे सांगितलं नाही, शेतकऱ्याचा खर्च वाचवायला गेलो. रात्रीतून गेरू फुगून भोकात आला, सकाळी खाली उतरवलेला हॅमर अडकला आणि बोअर गेला. त्या माणसानं मला एक शब्द बोलून दाखवला नाही, चहाही पाजला, ते जास्त लागलं.

विहिरीत हॅमर अडकत नाही, पण कड सुटते. वरचा काळा फत्तर गेरूवर बसलेला आहे. गेरू सुटला की तो खालून पोकळ होतो आणि एखाद्या पावसाळ्यात धोंडा खाली येतो. म्हणून भावाला सांगा, पट्ट्याच्या वर दोन फूट आणि खाली दोन फूट धरून आत्ताच काँक्रीटची रिंग बांधून घ्या, मागं पाणी यायला छिद्रं ठेवून. कामगारांना त्या पट्ट्याखाली जेवायला बसू देऊ नका, सावली असते म्हणून ते नेमके तिथंच बसतात. आणि रिंग बांधायच्या आधी वर्गाला एकदा काठावर आणा, आत नको. पट्टा वरूनही चांगला दिसतो, सकाळी दहाच्या सुमारास ऊन पश्चिमेच्या भिंतीवर पडतं तेव्हा.